मी खाल्लेल्या गोलाचे पेढे

माझा जन्म गंगापूरच्या पलीकडं, गोदावरीच्या अंगाच्या गावातला, पोलीस ॲक्शन होऊन काही सालं झाली होती तेव्हाचा, नेमकी तारीख आईलाच ठाऊक नव्हती तर मला कुठून असणार, ती म्हणायची ज्वारी काढायला आली होती तवा तू झालीस, पुढं शाळेत गुरुजींना सुचली ती तारीख पडली. आमचे दादा ॲक्शनच्या आधी रझाकारांच्या भीतीनं घरदार घेऊन नगरच्या बाजूला पळाले होते आणि नंतर परत आले, ती गोष्ट ते जन्मभर सांगायचे, आणि मी इतकी हुशार की लई दिवस मला वाटायचं ॲक्शन नावाचा कोणी मोठा साहेब असावा, तो आला आणि सगळे पळून गेले. तर अशी ही बाई पुढं देशाच्या फुटबॉल संघाची कोच झाली. हसा तुम्ही, मी पण हसते.

खेळ कुठून आला विचारलंत ना, खेळ कडब्यातून आला. ज्वारीचा कडबा वाळला की त्याची गंज रचायची, खालून एकानं पेंढी फेकायची आणि वर उभं राहणाऱ्यानं ती झेलून रचत जायची. आमच्याकडं वर मी असायची, कारण मी हलकी, गंज दबत नसे. दादा खालून फेकायचे ते काय लेकीकडं बघून नाय फेकायचे, दणादण फेकायचे, पेंढी तोंडावर आली तर गालाला ओरखडे, आणि सुटली तर ती घरंगळत खाली जायची की आई ओरडायची, अगं हाताला काय तूप लावलंय का. तर झेलायचं शिकले ते ओरडण्याच्या भीतीनं. पुढं वर्तमानपत्रातली पोरं विचारायची बाई तुमचं तंत्र काय, आता तंत्र म्हणून मी त्यांना आईचं ओरडणं सांगू का.

दादांना शहरात सरकारी कचेरीत शिपायाची नोकरी लागली आणि आम्ही उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांत आलो. मी मॅट्रिक झाले, कॉलेजात गेले, आणि तिथं माझ्या डोक्यात वारं शिरलं. दोन वेण्या, त्याला चपचपीत तेल, रिबिनी लाल, आणि चालायची अशी की कॉलेजातले सगळे माझ्याकडंच बघतायत. कोणी बघत नव्हतं. एकदा नळावर पाणी पीत होते तर पोरांचा फुटबॉल सणसणत आला, बाजूच्या पोरी किंचाळून पळाल्या आणि मी एका हातात पुस्तकं ठेवून दुसऱ्या हातानं तो छातीशी दाबला. खेळाचे सर धावत आले, म्हणाले पोरी, भ्यायली नाहीस, मी म्हणलं पेंढीपेक्षा हलका आहे सर. त्यांना पेंढी कळली नाय, पण त्या वर्षी पोरींचा संघ काढायचा असं वरून आलं होतं आणि त्यांना गोलात उभं राहायला कोणी मिळत नव्हतं. झालं, मी गोलकीपर.

आता चड्डीचं सांगते, त्याशिवाय माझी गोष्ट पुढं सरकत नाय. चड्डी म्हणल्यावर आई दोन दिवस बोलली नाय. मग तिनंच शिवली, गुडघ्याच्या खाली येईल इतकी लांब, आणि घेर एवढा की दोन पोरी आत मावल्या असत्या, वर नाडा. मी झेप घेतली की तिच्यात वारं भरायचं आणि समोरच्या संघाच्या पोरी खेळायचं सोडून बघत राहायच्या. मी मात्र मॅचच्या आधी तोंडाला पावडर लावायची. सर म्हणायचे चेंडूला पावडर आवडते का ग. शरम तर एवढी की चेंडू लांब असला की माझे हात चड्डी खाली ओढण्यात गुंतलेले. पण चेंडू जवळ आला की मग मला ना चड्डी आठवायची ना पाय, नुसता चेंडू. तेवढं एक खरं होतं माझ्यात. राज्याच्या संघात मला निवडलं ते त्याच्यावर.

लग्न झालं ते गुलमंडीत. सासऱ्यांचं कापडाचं दुकान, लुगडी, खण, चादरी, आणि दुकानाच्या मागच्या गल्लीत घर. आमचे हे वीज मंडळात, त्यांनी मला मैदानावर बघितलं होतं आणि तरी पसंत केलं, म्हणजे त्यांच्या डोक्यातही थोडं वारं असणार. सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. लई मोठा माणूस, डोक्याला काळी टोपी, आवाज असा की गिऱ्हाईक भाव करायला घाबरायचं. आणि घराची रीत अशी की सून सासऱ्यांसमोर पदर डोक्यावर घेतल्याशिवाय यायची नाय, आणि दोघं एकमेकांशी सरळ बोलायची नाय. त्यांना काय सांगायचं असलं तर सासूबाईंना सांगायचे, तिला सांग चहात साखर कमी पडली. सासूबाई घरात नसल्या तर मामंजी दाराशी बोलायचे. व्हय, दाराशी. दाराकडं तोंड करून म्हणायचे, घरातलं रॉकेल संपत आलंय वाटतं. मी आत चुलीशी, मी पण दारालाच सांगायची, संपलंय. दार बिचारं दोघांचं ऐकायचं.

तर लग्नानंतर खेळायचं का नाय हा प्रश्न घरात लटकत होता. सासूबाई म्हणाल्या नाय, चार माणसांत उघड्या पायांनी, बाजारात आपलं दुकान आहे. मामंजी म्हणाले बघतो. ते बघतो म्हणाले की घरात कोणी पुढं बोलत नसे. माझा सगळा जन्म त्या एका शब्दावर टांगलेला होता, त्यांनी नाय म्हणलं असतं तर मी भाकरी थापत बसले असते आणि तुम्ही आज इथं आला नसतात.

आणि त्याच वर्षी राज्याराज्यांची स्पर्धा आपल्याच शहरात आली. मामंजींचं बघतो अजून बघतोच होतं, नाय म्हणलं नव्हतं म्हणून मी उतरले. आमचा सामना बंगालच्या पोरींशी. त्या पोरी म्हणजे काय सांगू तुम्हाला, चेंडू त्यांच्या पायाला चिकटलेला असायचा. सामना बरोबरीत चाललेला, कोणाचाच गोल नाय, मी दोनतीन चांगले अडवले होते आणि झालं असं की मला माझंच कौतुक वाटायला लागलं. खांबांच्या मधून चांगली पुढं येऊन कमरेवर हात ठेवून उभी, जशी काय फोटोवाल्यासाठी. आणि तेवढ्यात बाजूच्या बाकांकडं नजर गेली तर काळी टोपी. मामंजी. न सांगता आलेले, पहिल्या रांगेत, छत्री दोन गुडघ्यांत धरून, सरळ माझ्याकडं बघतायत.

आता हे हात माझे, पण त्या वेळी माझे नव्हते. दोन्ही हात आपसूक वर गेले, पदर घ्यायला. डोक्यावर पदर कुठला, अंगात जर्सी, हात नुसते डोक्यावर चाचपडतायत, आणि बंगालच्या पोरीनं लांबून उचललेला चेंडू माझ्या डोक्यावरून, हातांवरून, मागं जाळीत. शिट्टी वाजली, टाळ्या, बंगालच्या सगळ्या पोरी नाचत माझ्याच भोवती आल्या आणि एकमेकींना मिठ्या मारायला लागल्या, मी मधी उभी, हात अजून डोक्यावर. आमच्या संघातली एक पोरगी म्हणाली, शकू, डोकं दुखतंय का ग. त्या एका गोलानं आम्ही हरलो.

घरी कशी गेले माझं मला ठाऊक. पाय उघडे बघितले, वर हरलेली बघितली, आता काय राहिलं. गल्लीच्या तोंडाशी पानवाला म्हणाला वहिनी, मुबारक. मला वाटलं टोमणा मारला. पुढं गेले तर शेजारच्या काकू हसून बघतायत. घरात पाऊल टाकलं आणि सासूबाईंनी माझ्या तोंडात पेढा कोंबला. ओसरीवर मामंजी, समोर पेढ्याचा पुडा, सासूबाईंना म्हणाले, तिला सांग, खेळ आमाला काय कळत नाय, पण गोल लई झकास झाला. समद्या पोरी कशा तिला भेटायला धावल्या, मी डोळ्यानं बघितलं. तिला सांग, खेळायचं.

मी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. त्यांना फुटबॉल कळत होता, ते कोपऱ्यात टॉवेल तोंडाला लावून खोकत होते, पण खोकला नव्हता तो. आत गेल्यावर मी म्हणलं आवं हे काय, सांगा त्यांना. ते म्हणाले सांगतो की, पण मग खेळणं गेलं. तुझं तू ठरव. आणि मी ठरवलं ते असं की पेढा गिळला. गोड होता. इतकी शरम आणि इतका गोड पेढा एकाच घशातून खाली गेला, तसा घास मी पुन्हा कधी खाल्ला नाय.

मामंजींनी सगळ्या गुलमंडीत पेढे वाटले होते. त्यांच्या दुकानाला लागून करीमभाईंचं बटणं, लेस, रिळांचं दुकान, दोघांची चाळीस पावसाळ्यांची दोस्ती. करीमभाई जवानीत आमखास मैदानावर स्वतः फुटबॉल खेळलेले, सामनाही त्यांनी मामंजींच्या मागं उभं राहून बघितला होता. दुसऱ्या दिवशी मी दुकानाच्या मागच्या दारानं डबा द्यायला गेले तर ते हळूच म्हणाले, बेटा, मैं बोलने वाला था, लेकिन तुमारे ससुर पेढा मूं में डाल दिये, भरे मूं से क्या बोलता. अब नक्को बोलो कुछ. खेलो. आणि त्यांनी बाजारातल्या ज्या चारदोन लोकांना खेळ कळत होता त्यांना तंबी देऊन ठेवली.

तिथून पुढं मी देशासाठी खेळले, बाहेर गेले, जेवढं बायकांच्या फुटबॉलला तेव्हा कोणी विचारत होतं तेवढं नाव झालं. आणि दर वेळी परत आले की मामंजी दाराला विचारायचे, गोल किती झाले म्हणावं. मी जर जीव तोडून एकही गोल होऊ दिला नसला तर आमचे हे सांगायचे, एक पण नाय झाला बाबा. मामंजी हळहळायचे, असू दे, पुढच्या खेपेला होईल. आणि एकदा माझ्यावर तीन गोल झाले, मी रडून रडून डोळे सुजवून घरी आले, तर घरात पुन्हा पेढे. सासूबाई म्हणाल्या आनंदानं रडतेय पोरगी. सांगा आता, मी कोणत्या तोंडानं खावे ते पेढे. पण खाल्ले. दर वेळी खाल्ले.

मग पोरगा झाला आणि पाठोपाठ गुडघा गेला, खेळणं थांबलं. सरांनीच सुचवलं कोच हो. आधी राज्याच्या पोरींना शिकवलं, मग देशाच्या. शिबिराला मणिपूरच्या, केरळच्या, बंगालच्या पोरी यायच्या, शाळेच्या वर्गात बाकं सरकवून झोपायच्या, एकीची भाषा दुसरीला नाय कळायची. मी पहिल्या दिवशी चेंडू द्यायची नाय. सगळ्यांना चड्डीवर, जर्सीवर बाजारातून चालवत न्यायची, भर गर्दीत टपरीवर उभं करून चहा पाजायची आणि तशाच परत आणायची. लोक बघायचे, पोरी आधी एकमेकींच्या मागं लपायच्या, मग दुसऱ्या तिसऱ्या दिवशी टपरीवाल्याशी साखरेवरून भांडायला लागायच्या. भांडायला लागल्या की मी म्हणायची चला, आता खेळू. इतर कोच हसायचे. ज्याचे हात एकदा भलत्या वेळी डोक्यावर गेलेत त्यालाच हे कळणार.

आता जे सांगते त्यानं अजून माझे कान गरम होतात. देशाच्या संघाची कोच झाले म्हणून गुलमंडीच्या व्यापाऱ्यांनी माझा सत्कार ठेवला. चौकात मांडव, माईक, खुर्च्या, शाल, नारळ. शहरातल्या क्लबांची पोरंही आलेली. मी खुर्चीत, डोक्यावर पदर, कारण शेजारच्या खुर्चीत मामंजी. त्यांना दोन शब्द बोला म्हणले, ते उठले, माईक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, आमची सून आज एवढी मोठी झाली, पण तिचा पयला गोल मी या डोळ्यानं बघितला. बंगालच्या पोरींना तिनं असा गोल केला, असा गोल केला की त्या पोरी स्वतः येऊन तिच्या गळ्यात पडल्या.

मग मागून एका टारगट पोरानं आवाज दिला, आबा, बाईंनी गोल केला नाय, खाल्ला. आणि मांडव हसला. मामंजींना कळेना, ते करीमभाईंकडं बघून म्हणाले काय म्हणतोय रे तो, करीमभाई जमिनीकडं बघत. मग ते माझ्याकडं वळले. आणि मी काय करत होते सांगू, मी पदर दातात धरून हसत होते. मला हसू आवरेना. इतक्या वर्षांचं कोंडलेलं हसू, खांदे गदगदा हलतायत, डोळ्यातून पाणी. त्यांनी ते बघितलं. बाकीचे हसले त्याचं त्यांना काही नव्हतं, बाजार हसतच असतो. मी हसले ते त्यांनी बघितलं. माईक हळूच जागेवर ठेवला आणि टोपी सारखी करत मांडवातून निघून गेले.

घरी आले तर ते ओसरीवर होते, पण बोलले नाय. त्या दिवसापासून दाराशी पण बोलले नाय. पाणी हवं असलं तर स्वतः उठून घ्यायचे. दुकानात जायचे ते मागच्या गल्लीनं, करीमभाईंशी पण अबोला. सासूबाई मला म्हणाल्या, तुझ्या खेळाला मी नको म्हणलं होतं ते पायांसाठी, मला काय ठाऊक दातांनी नाक कापशील. मला परदेशातल्या स्पर्धेसाठी निघायचं होतं, निघताना वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं. मी वाकले, आणि मामंजींनी पाय आवरून घेतले. मी पायांऐवजी फरशीला हात लावला, मग उठून बॅग उचलली.

स्पर्धेत आमच्या पोरी लई चांगल्या खेळल्या, शेवटच्या सामन्यापर्यंत गेल्या, आणि तिथं आमच्या गोलकीपर पोरीच्या हातातून साधा चेंडू निसटून आत गेला. हरलो. पोरगी केरळची, जर्सीत तोंड खुपसून बसलेली, जेवेना, कोणाशी बोलेना. मी तिच्याजवळ बसले आणि तिला हसवावं म्हणून मोडक्या हिंदीत माझी सगळी कथा सांगितली, टोपी, पदर, पेढे, सत्कार, सगळं. ती हसली, लई हसली, जर्सीतून तोंड बाहेर आलं. आणि मग डोळे पुसत विचारते, फिर बाबाजी का क्या हुआ, मॅडम. म्हणलं घर जाके बताऊंगी. मी कोच, ती पोरगी, आणि बरोबर जागी चेंडू मारला तिनं.

स्टेशनवरून घरी नाय गेले, बॅग घेऊन थेट दुकानात गेले. सून सासऱ्यांच्या दुकानात पुढच्या दारानं कधी चढली नव्हती. गिऱ्हाईक होतं, ते गेलं. मी गादीच्या कडेला बसले आणि दाराकडं नाय, त्यांच्याकडं बघून म्हणलं, मामंजी, तुम्ही बोलत होता आणि मी हसले, त्याची मला लई शरम आहे. ते चादरीची घडी घालत होते. घडी पुरी केली, दुसरी उचलली. मला वाटलं आता दार, भिंत, कपाट कोणाला तरी सांगतील की हिला घरी जायला सांगा. तर त्यांनी चादर बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा, लग्नापासून पहिल्यांदा बरं का, माझ्याकडं तोंड करून म्हणाले, ते गोल म्हणजे काय असतं ते मला नीट समजून सांग.

मग मी करीमभाईंकडून दोन रिळं आणि एक बटण मागून आणलं. मामंजींच्या गादीवर दोन रिळं उभी केली, हे खांब, त्याच्यावर कापड मोजायचा गज आडवा, हा बार, हे बटण चेंडू. हे बटण या दोन रिळांच्या मधून गेलं की गोल, आणि माझं काम ते जाऊ द्यायचं नाय. करीमभाई पण काउंटरवर कोपर टेकून ऐकत. मामंजींनी बटण एका बोटानं रिळांच्या मधून ढकललं, परत मागं घेतलं. मग म्हणाले, म्हणजे तीन गोल झाले तवा तू रडत होतीस. मी म्हणलं व्हय. म्हणजे एक पण झाला नाय म्हणलं की खरं पेढे वाटायचे. व्हय मामंजी. मग करीमभाईंकडं न बघता विचारलं, तुला ठाऊक होतं. करीमभाई म्हणाले, मियां, तुम इत्ते खुश थे. आणि मग मामंजींनी तो प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती. त्या दिवशी हात वर कामून नेलेस.

मी सांगितलं. तुम्ही दिसलात, पदर घ्यायला गेले. ते म्हणाले, म्हणजे मी आलो नसतो तर तू तो अडवला असतास. आता इथं बघा माझं येडं मन कसं चाललं. इतक्या वर्षांनी सासरा समोरासमोर बोलतोय, विचारतोय तू अडवला असतास का, आणि मी ताठ मानेनं म्हणलं, व्हय, अडवला असता. त्यांनी मान हलवली. रिळं उचलून करीमभाईंना परत दिली, बटण खिशात टाकलं, आणि मला म्हणाले, घरी जा, प्रवासातून आलीस, जेवून घे.

घरात पुन्हा बोलणं सुरू झालं, आता माझ्याशी सरळ. मला वाटलं मिटलं. मग दुकान आमच्या ह्यांच्या ओळखीच्या माणसाला चालवायला दिलं आणि मामंजी रोज दुपार उतरली की करीमभाईंबरोबर आमखासवर यायला लागले. मी तिथं शहरातल्या पोरी शिकवायची. दोघं म्हातारे कडेच्या बाकावर बसायचे, करीमभाई मैदानाकडं तोंड करून आणि मामंजी पाठ करून, रस्त्याकडं तोंड. येणाऱ्या जाणाऱ्या रिक्षा बघत बसायचे. मधीच विचारायचे, काय झालं रे. करीमभाई सांगायचे, लाल वाली भागी, मारी, कीपर ने पकड लिया. मामंजी म्हणायचे, पकडला ना, बरं झालं. पहिल्या दिवशी मी जाऊन म्हणलं मामंजी, असे काय बसलात, इकडं फिरा की. ते म्हणाले नको, मी बघितलं की गोल होतो.

पोरी हसल्या. मला हसता नाय आलं.

आणि आता तुम्हाला खरं सांगते, ते मी त्यांना पण सांगितलं, एकदा नाय, शंभरदा. कोच झाल्यावर माणूस दुसऱ्याचे गोल इतके बघतो की आपलेही कळायला लागतात. त्या दिवशी मी खांबांपासून फार पुढं आले होते, स्वतःच्या कौतुकात, कमरेवर हात ठेवून. तो चेंडू माझ्या डोक्यावरून इतका वरनं गेला की मामंजी आले नसते, पदर नसता, हात मोकळे असते, तरी तो आत गेलाच असता. पदराचा काही संबंध नव्हता. चूक माझ्या पायांची होती, हातांची नव्हती, आणि त्यांची तर मुळीच नव्हती. मी त्यांना तिथंच मैदानावर उभं करून दाखवायला निघाले, मी कुठं होते, चेंडू कुठून आला. ते म्हणायचे तू माझं मन राखायला म्हणतेस. मी म्हणायची आवं देवाशपथ, मला जमलंच नसतं. तर ते करीमभाईंना म्हणायचे, बघ, आजकालच्या पोरी, सासऱ्याला वाईट वाटू नये म्हणून स्वतःला कमी म्हणतीय. करीमभाई त्यांच्या पाठीमागून माझ्याकडं बघून मान हलवायचे, त्यांना खरं ठाऊक होतं, त्यांनी सामना बघितला होता. पण ते याही वेळी बोलले नाय.

जाईपर्यंत मामंजी तसेच बसत होते. आधी करीमभाई गेले, मग मामंजी एकटे यायचे, पाठ करूनच, आणि विचारायला कोणी नाय म्हणून मीच मधून मधून जाऊन सांगायची, पकडला मामंजी. कधी पकडलेला नसायचा तरी सांगायची. पेढ्यांची परतफेड म्हणा. मग ते पण गेले.

आता माझेही दोन्ही गुडघे गेले, बोटं बघा ही, एकही सरळ नाय, भाकरी थापता येत नाय म्हणून सूनबाई थापते आणि मला तोंडावर म्हणते आई, गप बसा, गोल खाणाऱ्या बाईंनी भाकरीला नावं ठेवू नयेत. आमच्यात काही दार-बिर नाय. संध्याकाळी ती मला रिक्षानं मैदानावर सोडते. आताच्या पोरी बघते, पायांतून चेंडू आत गेला तरी खांदे उडवून हसतात, पुढच्या खेळाला लागतात, आणि त्यांच्या वाट्याची शरम मला इथं बाकावर बसून येते, कान गरम होतात, काय करू, मेली जातच नाय ती.

सूनबाई म्हणते यात लाजायचं काय, एक म्हातारा माणूस तुमच्यावर एवढा भरवसा ठेवून गेला, भाग्य म्हणा. असेल भाग्य. पण मला ठाऊक आहे ना तो चेंडू किती वरनं गेला ते. ते गेले तेव्हा त्यांच्या मनात मी अशी गोलकीपर होते जी मी एकही दिवस नव्हते, आणि आता ते दुरुस्त करायला माणूस नाय. असू द्या. तुम्ही लिहून घ्या, कमी-जास्त करू नका. तुमच्या लेकीबाळी खेळोत, पडोत, उठोत, आणि घरच्या माणसांनी त्यांचं कौतुक जेवढं खरं तेवढंच करावं, मापात, एवढं माझं देवाजवळ मागणं आहे.